उपवासाचं ताट, मुक्काम कुस्को

तर झालं असं, की या आषाढी एकादशीला सकाळी सकाळी आमच्या मामाने घरच्या ग्रुपवर एक जाहीरनामा टाकला. "या चातुर्मासात मी परदेशी काहीही तोंडात घालणार नाही. तुमचे ते ओट्स, किन्वा आणि ॲव्होकॅडो तुम्हांलाच लखलाभ. आपलं ते आपलं." खाली पुरावा म्हणून फराळाच्या ताटाचा फोटो. साबुदाण्याची खिचडी, उपासाची बटाट्याची भाजी, दाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ, रताळ्याचा कीस, तळलेली मिरची आणि एक राजगिऱ्याचा लाडू.

फोटो बघून मला जे हसू आलं ते मामाला फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. एक तर तो वयाने मोठा, त्यात उपाशी. शिवाय ही गोष्ट दोन वाक्यांत मावणारी नाही. म्हणून इथे लिहितेय. मामा, हे तुझ्यासाठी आहे. बाकीच्यांनी मध्ये बसून ऐकावं.

गोष्ट २०१९ सालच्या एप्रिलमधली. आदल्या नोव्हेंबरात बाबा गेले. त्यानंतर आईचे उपवास वाढत चालले होते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष... आठवड्यातले चार दिवस काही ना काही असायचंच. उपवास हे न जेवण्याचं सभ्य कारण असतं, त्याला कुणी काही म्हणू शकत नाही. मी तेव्हा ह्यूस्टनला होते, आईला तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. बाबांना पेरू देश बघायची फार हौस. इंका लोकांवरची मिळतील ती पुस्तकं आणून वाचायचे आणि रात्री जेवताना आम्हांला त्यातलं सांगायचे. आई कंटाळून म्हणायची, "आता त्यांना राहू द्या, आमटी गार होतेय." मी जेव्हा म्हटलं की आपण दोघी जाऊन येऊ, तेव्हा ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "चल. त्यांचं बघायचं राहिलं ते."

कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे एका कळसूबाईवर दुसरं कळसूबाई ठेवलं तरी कुस्को त्याच्या वरच राहतं. पहिला दिवस आम्ही नुसत्या पडून होतो. चार पायऱ्या चढल्या की छाती भात्यासारखी हलायची. आम्ही ज्या घरात उतरलो होतो तिथल्या मालकीणबाई दर दोन तासांनी कोकाच्या पानांचा चहा आणून द्यायच्या. आई तो काढा प्यायल्यासारखा डोळे मिटून प्यायची.

दुसऱ्या दिवशी बाहेर पडलो. कुस्को बघताना एक गोष्ट लगेच कळते. हे शहर दुमजली आहे, आणि मजले दोन वेगवेगळ्या लोकांचे आहेत. खाली इंकांच्या दगडी भिंती, वर स्पॅनिश माड्या आणि कौलं. आतुन रुमियोक नावाच्या गल्लीत तो प्रसिद्ध बारा कोनांचा दगड आहे. चुना नाही, माती नाही, पण शेजारच्या प्रत्येक दगडाशी असा बसलाय की फटीत पातं शिरू नये. ती भिंत इंका राजाच्या वाड्याची होती, तिच्यावर आज आर्चबिशपचा वाडा उभा आहे.

सगळ्यांत स्पष्ट हे दिसतं कोरिकांचामध्ये. इंकांचं हे मुख्य सूर्यमंदिर. भिंतींवर सोन्याचे पत्रे होते, आणि जुन्या बखरकारांनी लिहिलंय की अंगणात सोन्याची बाग होती, तिच्यात सोन्याची मक्याची ताटं, कणसांसकट. १५३२ साली स्पॅनिश सरदार पिसारो याने इंका सम्राट आतावाल्पाला कैद केलं. त्याच्या सुटकेसाठी खोलीभर सोनं देण्याचं ठरलं, तेव्हा या भिंतींवरचे पत्रे उचकटून नेले. सोनं घेतलं आणि १५३३ मध्ये आतावाल्पाला मारलंही. त्याच वर्षी नोव्हेंबरात स्पॅनिश फौज कुस्कोत शिरली. सोन्याची बाग मुशीत गेली. मंदिराच्या भिंतींवर डॉमिनिकन साधूंनी मठ बांधला.

मग २१ मे १९५० ला मोठा भूकंप झाला. मठाच्या भिंती कोसळल्या आणि त्यांच्या आड लपलेल्या इंकांच्या भिंती जशाच्या तशा उभ्या राहिलेल्या दिसल्या. आत जरा कललेल्या, खाली रुंद आणि वर अरुंद दारांच्या. बाबा हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज चढायचा, जणू तो विजय त्यांचाच. मी तेच आईला सांगायला लागले तर ती म्हणाली, "माहितीये मला. ऐकत नव्हते असं वाटलं का तुला?"

सोमवारी एकादशी होती. चैत्रातली, कामदा. गंमत बघा, त्यांचा ईस्टरही पौर्णिमेवरून ठरतो, त्यामुळे त्यांचा पवित्र आठवडा आणि आपली चैत्री पौर्णिमा अनेकदा हातात हात घालून येतात. त्या वर्षी आमची एकादशी आणि त्यांचा पवित्र सोमवार एकाच दिवशी. त्या दिवशी कुस्कोत 'भूकंपांच्या प्रभू'ची मिरवणूक निघते. १६५० च्या भीषण भूकंपापासून हा ख्रिस्त शहराचा रक्षणकर्ता. मेणबत्त्यांच्या धुराने काळवंडलेली मूर्ती, आणि तिच्यावर लोक 'न्युक्चू' नावाची लाल रानफुलं उधळतात. काळा देव आणि चेंगराचेंगरी बघून आईने आपसूक हात जोडले. "विठोबासारखाच आहे गं," एवढंच म्हणाली.

पण ते संध्याकाळी. सकाळी प्रश्न होता आईच्या खाण्याचा. ती म्हणे, "केळं खाईन." मी तिला ओढत सान पेद्रोच्या बाजारात घेऊन गेले. हा १९२५ सालचा झाकलेला मोठा बाजार, आपल्या मंडईसारखाच गजबजलेला. पावांच्या चळती, फळांच्या रसाच्या गाड्या, चीज, फुलं, मटणाच्या रश्शाचे वाफाळते टोप (तिथून आम्ही नाक दाबून पळालो). आणि एका ओळीत टोप्या घातलेल्या बायका, मोठमोठ्याने ओरडतायत, "पापा! पापा!"

आई थबकली. "ही बाई पापा कुणाचे मागतेय?"

पापा म्हणजे बटाटा. क्वेचुआ भाषेतला मूळ शब्द, स्पॅनिशने तसाच उचललेला. आणि त्या बायकांसमोर जे ढीग होते ते बघून आमची दोघींची वाचा बसली. जांभळे, काळे, लाल, पिवळे, बोटासारखे लांब, आल्यासारखे गाठींचे. अँडीज पर्वतातल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षं निवडून निवडून बटाट्याच्या हजारो जाती तयार केल्यात. एक उंचीवर टिकणारी, एक पावसात, एक थंडीत. एक गेली तर दुसरी राहावी म्हणून. शेजारच्या पोत्यात पांढरे खडे होते, खडूसारखे हलके. तो 'चुन्यो', म्हणजे त्यांचं वाळवण. रात्री बटाटे गोठू द्यायचे, दिवसा उन्हात ठेवायचे, पायांनी तुडवून पाणी काढायचं. आपण उन्हाने जे करतो ते ही मंडळी थंडीने करतात. वर्षानुवर्षं टिकतो. आईने एक खडा हातात घेऊन वाजवून बघितला. आपल्या पापड्यांची पारख करावी तसा.

पुढच्या गाळ्यावर शेंगदाणे. दक्षिण अमेरिकेतलंच पीक. पेरूच्याच किनाऱ्यावर सिपान इथे १९८७ मध्ये एका जुन्या सरदाराची कबर सापडली, तर त्याच्या गळ्यात सोन्याचांदीच्या शेंगांची माळ होती! त्यापुढे पिशव्यांमधून पांढऱ्या बारीक लाह्या. आई ओरडलीच, "अगं, हा राजगिरा!" त्याचं तिथलं नाव किवीचा. आपल्या राजगिऱ्याचा सख्खा नाही तर चुलत भाऊ, आणि हे सगळं घराणं मूळचं अमेरिका खंडातलं. त्यापुढे मिरच्या. आपली मिरची मेक्सिकोत माणसाळली, पण तिचं कूळ याच पर्वतांच्या पायथ्याचं मानतात. रताळं अमेरिकेचं. आणि साबुदाणा? पूर्वी तो पूर्वेकडच्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्यापासून व्हायचा. आज आपण खातो तो सेलमकडचा, कसाव्याच्या कंदाचा, आणि कसावा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला.

मामा, आता ताटाचा फोटो पुन्हा बघ. वऱ्याचे तांदूळ आणि तूप सोडलं तर तुझं अख्खं 'आपलं' ताट तिकडचं आहे. किन्वा एकटाच उशिरा आला म्हणून तो परका.

आईने एका म्हाताऱ्या बाईकडून एक किलो बटाटे घेतले, चार रंगांचे. भाषा कुणाचीच कुणाला कळत नव्हती. पैसे देऊन झाल्यावर आई तिथेच उभी. तिने बोट दाखवलं आणि पुण्याच्या मंडईत बघते तसं बघितलं. ती बाई हसली आणि दोन जांभळे बटाटे वर टाकले. याला तिथे 'यापा' म्हणतात. आपली भाजीवाली कोथिंबीर-मिरची वर टाकते ना, तेच.

घरी येऊन मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात ते उकडायला ठेवले. एवढ्या उंचीवर पाणी साधारण ८९ अंशांनाच उकळतं, त्यामुळे बटाटे शिजता शिजेनात. "कुकर आणायला हवा होता," असं आई चार वेळा म्हणाली. शेवटी शिजले. मीठ आणि दाण्याचं कूट लावून आईने खाल्ले. एक, दोन, तीन. मग म्हणाली, "अजून आहेत का गं?" मी पाठ वळवून उगाच भांडी विसळत बसले. पाच महिन्यांत हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी द्वादशी. उपवास कशावर सोडला असेल? किन्वाच्या सूपवर! चौकाजवळच्या एका छोट्या खानावळीत. तिथे दुपारी ठरलेलं जेवण मिळतं, आधी सूप, मग एक मुख्य पदार्थ. पाठोपाठ उकडलेले बटाटे आणि त्यावर पिवळ्या मिरचीची नि चीजची दाट चटणी (वरच्या अंड्याच्या चकत्या माझ्या ताटात आल्या), आणि जांभळ्या मक्याचं दालचिनी-लवंग घातलेलं गोड सरबत, चिचा मोरादा. आईला ते कोकमच्या खालोखाल आवडलं.

मग आम्ही मोठ्या चर्चमध्ये गेलो. इंकांच्या वाड्याच्या जागेवर बांधलेलं, सुमारे शंभर वर्षं काम चाललं, १६५४ पर्यंत. दगड वरच्या साक्सायवामान किल्ल्यावरून काढून आणलेले. आत मार्कोस सापाता या स्थानिक चित्रकाराचं अठराव्या शतकातलं 'अखेरचं भोजन' आहे. येशू आणि बारा शिष्य, आणि मधल्या ताटात, चार पाय वर करून, भाजलेला कुई. म्हणजे गिनीपिग.

"उंदीर?" आई.

"त्यांच्याकडे सणासुदीला करतात."

आई जरा वेळ बघत राहिली. "बरोबर आहे. घरी देव जेवायला आला तर माणूस आपल्या घरचंच वाढणार."

माझ्या मते त्या चित्रावर याहून चांगलं कुणी लिहिलेलं नाही.

त्याच चर्चला लागून एक छोटं देऊळ आहे, एल त्रिउन्फो. त्याच्या तळघरात एका माणसाच्या अस्थींचा काही भाग ठेवलाय, आणि मला खरं तर त्याच्याबद्दलच लिहायचं होतं. गार्सिलासो दे ला वेगा. जन्म कुस्को, १५३९. बाप स्पॅनिश कप्तान, आई इंका राजघराण्यातली. बापाने पुढे स्पॅनिश बाईशी लग्न केलं आणि आईला दुसरीकडे दिलं. मुलगा आईच्या नातेवाइकांमध्ये बसून जुन्या राज्याच्या गोष्टी ऐकायचा. त्या बैठका रडण्यात संपायच्या असं त्याने लिहिलंय. १५६० मध्ये, विशीत, तो स्पेनला गेला आणि परत कधीच आला नाही. म्हातारपणी त्याने आईच्या लोकांचा इतिहास लिहिला. त्याचा पहिला भाग छापला गेला १६०९ मध्ये, लिस्बनला.

लिस्बन म्हणजे जिथून गोव्याची गलबतं सुटायची ते बंदर. तेव्हा स्पेन आणि पोर्तुगाल एकाच राजाच्या हाताखाली होते. त्या पुस्तकात गार्सिलासोने मका, बटाटा, चुन्यो, शेंगदाणे, सगळ्यांची वर्णनं दिलीत. आणि एका जागी तो सांगतो, मी पेरूहून किन्वाचं बी मागवलं होतं, इथे स्पेनमध्ये पेरायला. पण ते मेलेलंच पोचलं, निरनिराळ्या वेळी पेरूनही उगवलं नाही.

परदेशात राहणाऱ्यांना मी आणखी काय समजावून सांगू? माझी कढीपत्त्याची तीन रोपं ह्यूस्टनमध्ये मेलीत. इंका राजकन्येचा मुलगा, मिश्र रक्ताचा, ना धड इथला ना तिथला, कोर्दोबात बसून गावाकडच्या मूठभर बियांची वाट बघतोय! १६१६ मध्ये तो तिकडेच गेला. १९७८ मध्ये स्पेनच्या राजाने त्याच्या अस्थींचा काही भाग कुस्कोला आणून दिला.

आई त्या तळघरात बराच वेळ उभी होती. मी काही बोलले नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "उशिरा का होईना, घरी आला." थोडं चालल्यावर, "ह्यांना इथे आणायला हवं होतं गं." मग आम्ही चौकात बाकावर बसलो.

त्या चौकाबद्दलही सांगायला हवं, नाहीतर हा लेख नुसता गोड होईल. इथेच १८ मे १७८१ रोजी दुसऱ्या तुपाक आमारूला, स्पॅनिश जुलमाविरुद्ध उठलेल्या मोठ्या बंडाच्या नेत्याला, त्याच्या बायकोमुलाला डोळ्यांदेखत मारल्यावर हालहाल करून ठार केलं. त्यानंतर इंकांचे पोशाख बंद, त्यांच्या राजांची चित्रं बंद. पुढच्याच वर्षी गार्सिलासोच्या पुस्तकाच्या प्रतीही गोळा करायचा हुकूम निघाला.

आणि चुन्यो? तो तर पोतोसीच्या चांदीच्या खाणींत सक्तीने राबणाऱ्या माणसांचं जेवण होता. तो नेऊन विकणारे स्पॅनिश व्यापारी गबर झाले हे सिएसा दे लिओनने १५५० च्या दशकातच लिहून ठेवलंय. त्याच खाणींची चांदी युरोपात आली, आणि अमेरिकेच्या चांदीवर आपल्याकडचे मसाले आणि कापड खरेदी झालं. म्हणजे मामा, बटाटा आपल्याकडे काही कुणी प्रेमाने पाठवला नव्हता. तो ज्या बोटींतून आला त्या कुणाच्या तरी पाठीवर उभ्या होत्या. आपण विकत घेतला, शिजवला, देवापुढे ठेवला. पोर्तुगीजांनी दिलेला 'बटाटा' हा शब्दही ठेवला. फक्त ज्यांनी तो हजारो वर्षं निवडला त्यांची आठवण तेवढी ठेवली नाही.

मला तिथे बसल्यावर वाटलं ते असं. स्पॅनिशांनी जे मौल्यवान म्हणून नेलं, ती सोन्याची कणसं, ती वितळून गेली. जे किरकोळ म्हणून बोटीच्या कोपऱ्यात पडलं होतं ते जगभर रुजलं. पुस्तकावर बंदी घालता आली, पण त्या म्हाताऱ्या बाईच्या चार रंगांच्या बटाट्यांवर नाही आली, कारण ते रोज कुणीतरी पेरत होतं आणि रोज कुणीतरी शिजवत होतं. आपल्या बायकांनीही तेच केलं. जुन्या निषेधाच्या यादीत जे नव्हतं ते चालतं, एवढा साधा हिशोब करून परक्या कंदमुळांना थेट एकादशीच्या ताटात जागा दिली. एखादी गोष्ट 'आपली' होते ती इथे जन्मली म्हणून नाही, तर पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी सांभाळली म्हणून. पण मग पहिल्यांदा ज्यांनी सांभाळली त्यांचीही ती तेवढीच असते. हे दुसरं वाक्य विसरायचं नाही.

शेवटची गंमत. शुक्रवारी त्यांचा गुड फ्रायडे आणि आपली हनुमान जयंती. मालकीणबाईंनी आम्हांला घरच्या टेबलावर बोलावलं. कुस्कोत त्या दिवशी मांस खात नाहीत, उपवास असतो. म्हणून काय करतात, तर बारा पदार्थ करतात! सुपं, मासे, मक्याची दाट आमटी, आणि मग गोडाची रांग. पीचचा पाक, शेवटी चक्क तांदळाची खीर. आईने चालण्यासारखे पाच निवडले आणि माझ्या कानात म्हणाली, "यांच्याकडेही एकादशी नि दुप्पट खाशी दिसतंय." आणि हसली. मोठ्याने.

असो. हा लेख टाकण्याआधी आईला फोनवर वाचून दाखवला. आई आता पुण्यात आहे, उपवास पुन्हा एकादशी-चतुर्थीपुरते आले आहेत. मी विचारलं, मामाला राग येईल का? ती म्हणाली, "येऊ दे. त्याला सांग, खिचडी सोडू नकोस. फक्त पहिल्या घासाला त्या बटाटेवाल्या बाईला नमस्कार कर. दोन बटाटे वर टाकले होते तिने."